भर दुपारची सावली आणि विज्ञानाचे शिक्षक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गात पहिल्या दिवशी मी एक प्रश्न हमखास विचारतो. "उद्या दुपारी बरोबर बारा वाजता शाळेच्या अंगणात एक काठी सरळ उभी केली, तर तिची सावली कुठे पडेल?" बहुतेकांचे उत्तर तयार असते. "पडणारच नाही सर. बाराला सूर्य डोक्यावर असतो."

मग मी दुसरा प्रश्न विचारतो. "तुमच्यापैकी किती जणांनी हे पाहिले आहे?" वर्ग शांत होतो.

खरी गोष्ट अशी आहे की, आपल्या महाराष्ट्रात कोणत्याही गावी सूर्य वर्षातून फक्त दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो. एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. कोल्हापुरात हा दिवस साधारण ६ मेला येतो, पुण्यात १३-१४ मेला, तर नागपुरात २६ मेच्या सुमारास. दुसऱ्या खेपेला बहुधा आभाळ भरलेले असते, त्यामुळे तो दिवस हातचा जातो. बाकीचे ३६३ दिवस भर दुपारीही काठीला सावली असतेच. शिवाय घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असेही नाही. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, म्हणजे अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेषेवर लावलेले आहे. आपण त्या रेषेच्या पश्चिमेला. त्यामुळे कोल्हापूर-पुण्याकडे मार्च महिन्यात खरी मध्यान्ह होते ती बारा वाजून चाळीस मिनिटांच्या आसपास.

हे सारे अंगणात, फुकट, रोज घडत असते. तरीही वर्षानुवर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते निसटते. असे का होते, आणि इंटरनेट नावाच्या साधनाचा यावर काही इलाज होऊ शकतो का, याविषयी आज बोलायचे आहे.

चूक कुणाची?

हे ऐकून कुणी म्हणेल, "आमचे शिक्षकच कच्चे." तसे म्हणण्याची घाई करू नये. अमेरिकेत १९८७ मध्ये 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाचा एक छोटा माहितीपट तयार झाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात गाऊन घालून उभे असलेले पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना एक साधा प्रश्न विचारला होता. ऋतू का बदलतात, किंवा चंद्राच्या कला का दिसतात? त्यांतल्या २१ जणांची उत्तरे चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते, असे बरेचजण आत्मविश्वासाने सांगत होते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे.

मुद्दा असा की, चुकीची कल्पना डोक्यात घट्ट बसली की नुसत्या व्याख्यानाने ती हलत नाही. परीक्षेत बरोबर उत्तर लिहिले जाते आणि मनात जुनीच कल्पना नांदत राहते. ती हलवायची तर स्वतः पाहावे लागते, मोजावे लागते, आणि जे दिसले त्याबद्दल कुणाशी तरी वाद घालावा लागतो.

या शेवटच्या गोष्टीपाशी आपल्या शिक्षकांचे घोडे अडते. गावच्या शाळेत सातवी-आठवीचे विज्ञान शिकवणारा शिक्षक बहुधा एकच असतो. भाषेच्या बाईंना व्याकरणाची अडचण आली तर गावात चार जाणती माणसे भेटतील. पण "अमावास्येला चंद्रावर पृथ्वीची सावली पडते का?" हे विज्ञानाच्या शिक्षकाने कुणाला विचारावे? मुख्याध्यापकांना विचारायचे तर संकोच, मुलांपुढे "मला माहीत नाही" म्हणायची भीती. मग पुस्तकातले वाक्य वाचून दाखवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. मी याला अज्ञान म्हणत नाही, एकटेपण म्हणतो. शिक्षक-प्रशिक्षणात इंटरनेटचा सर्वांत मोठा उपयोग जर काही असेल, तर तो हे एकटेपण घालवण्याचा आहे.

नळ आणि पार

दुरून शिक्षकांना शिकवण्याचा प्रयत्न आपल्याकडे इंटरनेटच्या पुष्कळ आधी झाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात 'नासा'च्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवले गेले. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. त्यात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचे प्रशिक्षणही होते. नुसता टीव्ही लावून शिक्षकांना त्यापुढे बसवले नव्हते. जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि हाताने करायचे प्रयोगही होते. पुढे सप्टेंबर २००४ मध्ये खास शिक्षणासाठी 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडला गेला. २०१० मध्ये त्याचे काम संपले.

हे प्रयोग मोठे होते, पण त्यांचा मुख्य स्वभाव नळासारखा होता. वर टाकी, खाली नळ. पाणी वरून खाली येणार. नळातून पाणी वर जात नाही. आता मी रेडिओवर बोलतो आहे आणि तुम्ही ऐकता आहात, हाही नळच. माझे एखादे वाक्य तुम्हाला पटले नाही तर तुम्ही मला इथे थांबवू शकत नाही.

इंटरनेट आले तेव्हा आपण सवयीने त्याचाही नळ केला. व्याख्याने चित्रित केली आणि संगणकावर चढवली. पाठ्यपुस्तकाची पाने पडद्यावर हलती केली. २००० नंतरच्या दशकात 'फ्लॅश' या तंत्राने अशी शेकडो हलती चित्रे तयार झाली. २०२० च्या अखेरीस फ्लॅशच बंद पडले आणि त्यातली पुष्कळ चित्रे आज कुठल्याही संगणकावर सरळ उघडत नाहीत. साधने अशी मरतात. माणसांची ओळख मात्र टिकते. आणि इंटरनेटची खरी ताकद आहे ती गावच्या पारासारखी. पारावर सगळे समोरासमोर बसतात. कुणीही विचारावे, कुणीही सांगावे.

कणकेत हात

पाराची कल्पना शिक्षक-प्रशिक्षणात कशी उतरते, याचे एक चांगले उदाहरण फ्रान्समध्ये सापडते. जॉर्ज शार्पाक हे तिथले मोठे पदार्थवैज्ञानिक. १९९२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. शिकागोतल्या गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये मुले प्रयोग करून विज्ञान शिकत असल्याचे त्यांनी पाहिले आणि १९९६ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या पाठिंब्याने प्राथमिक शाळांसाठी एक चळवळ सुरू केली. तिचे नाव 'ला मँ आ ला पात'. शब्दशः अर्थ, कणकेत हात. आपण म्हणू, स्वतः पीठ मळायला बसणे.

तिथेही अडचण आपल्यासारखीच होती. प्राथमिक शिक्षक सगळे विषय शिकवतात आणि त्यांतले पुष्कळजण विज्ञान शिकलेले नसतात. अशा शिक्षकाला "मुलांना प्रश्न विचारू द्या" असे सांगणे सोपे, पण मुलाने विचारलेच तर उत्तर कुठून आणायचे? १९९८ मध्ये त्यांनी एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर धडे आणि प्रयोग तर होतेच. शिवाय शिक्षकाने प्रश्न विचारावा आणि देशातल्या वैज्ञानिकांनी त्याला उत्तर द्यावे, अशी सोय होती. एका शिक्षकाचा प्रश्न आणि त्याचे उत्तर बाकीच्या सर्वांना वाचता येई. प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही, हे त्यातून आपोआप सांगितले गेले. विज्ञानाच्या शिक्षकाला याहून मोठे प्रशिक्षण कोणते?

याच चळवळीने २००० साली एक सुंदर उपक्रम सुरू केला. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधल्या दोन गावांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला होता. एका गावी सूर्य डोक्यावर, त्याच वेळी दुसऱ्या गावी तो सुमारे सात अंश कललेला. या दोन गावांतले अंतर ठाऊक असले की त्रैराशिकाने साऱ्या पृथ्वीचा घेर निघतो. वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या शाळांनी एकाच दिवशी सावली मोजायची, इंटरनेटवरून आकडे एकमेकांना कळवायचे आणि पृथ्वी मोजायची, असा तो उपक्रम. अमेरिकेत न्यू जर्सीच्या स्टीव्हन्स तंत्रज्ञान संस्थेनेही शाळांसाठी असाच प्रकल्प चालवला.

यात इंटरनेट नेमके काय करते ते पाहा. ते ज्ञान देत नाही. मोजायचे आपले आपणच. पण एकट्याने मोजलेल्या सावलीवरून पृथ्वी मोजता येत नाही. दुसऱ्या टोकाला कुणीतरी हवे. ते दुसरे टोक इंटरनेट आणून देते.

बाई, सर आणि ओळंबा

काही वर्षांपूर्वी आम्ही हा प्रयोग प्रशिक्षणातल्या शिक्षकांकडून करून घेतला. एक बाई कोल्हापूरजवळच्या, एक सर धुळ्याजवळचे. ही दोन गावे मुद्दाम निवडली, कारण नकाशावर धुळे जवळजवळ कोल्हापूरच्या डोक्यावर, सरळ उत्तरेला येते. दोघांमधले दक्षिणोत्तर अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. एसटीच्या रस्त्याचे अंतर इथे चालत नाही, हे समजावतानाच पहिली अर्धी दुपार गेली.

दिवस मार्चमधल्या विषुवदिनाचा. एक मीटर लांबीची काठी. साडेबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. बाईंनी कळवले, ३१ सेंटिमीटर. सरांनी कळवले, ३८.२. सावलीची लांबी भागिले काठीची लांबी, यावरून कोन काढले. कोल्हापूर १७.२ अंश, धुळे २०.९. फरक ३.७ अंशांचा. वर्तुळाचे ३६० अंश भागिले ३.७, गुणिले ४६५. पृथ्वीचा परीघ आला ४५ हजार किलोमीटरच्या वर. पुस्तकात आहे सुमारे ४० हजार.

आता इथे खरे प्रशिक्षण सुरू झाले. एरवी काय होते? आकडा जुळला नाही की वहीत पुस्तकातला आकडा लिहायचा आणि मोकळे व्हायचे. पण इथे दोन टोकांना दोन माणसे होती. सर म्हणाले, "बाई, तुमचीच सावली लांब दिसते." बाई म्हणाल्या, "कशावरून? तुमची आखूड नसेल कशावरून?" फोटो पाठवले गेले. फोटोत बाईंची काठी किंचित उत्तरेकडे झुकलेली दिसत होती. किती? शेंड्याशी जेमतेम एक सेंटिमीटर. काठी एक सेंटिमीटर कलली, सावली एक सेंटिमीटर लांबली आणि पृथ्वी पाच हजार किलोमीटरने फुगली!

दुसऱ्या दिवशी बाईंनी गावातल्या गवंड्याकडून ओळंबा आणला. काठी ओळंब्यात उभी केली. दोघांनी पुन्हा मोजले. कोल्हापूर २९.२, धुळे ३७.४. कोन १६.३ आणि २०.५, फरक ४.२ अंश. परीघ आला ४० हजारांच्या अगदी जवळ. इतके नेमके जुळणे हा थोडा नशिबाचाही भाग, हे मी त्यांना सांगितले. पण सरांच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. "सर, माझी काठी कालही सरळच होती. मग माझी सावली पाऊण सेंटिमीटरने कमी कशी झाली?"

त्यांनी एका रात्रीत सूर्याला उत्तरेकडे सरकताना पकडले होते. मार्चमध्ये सूर्य रोज सुमारे ०.४ अंश उत्तरेला सरकतो. उत्तरायण हा शब्द त्यांनी जन्मभर ऐकला होता. तो सेंटिमीटरमध्ये त्यांना पहिल्यांदा दिसला.

या दोन दिवसांत त्या दोघांना भूगोल समजला, त्रिकोणमितीचा उपयोग समजला. पण मला सर्वांत मोलाचे वाटले ते हे की, मोजमापातली चूक ही लपवायची गोष्ट नसून शोधायची गोष्ट आहे, हे त्यांनी अनुभवले. जो शिक्षक स्वतः अशी चूक शोधून आला, तो वर्गातल्या मुलाच्या चुकीवर ओरडणार नाही. "चल, पाहू कुठे घसरले ते," असे म्हणेल.

पडद्यावरचा प्रयोग

सगळेच प्रयोग असे अंगणात करता येत नाहीत. विजेचा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही. सेल, वायर आणि बल्ब जोडले की बल्ब लागतो, एवढेच दिसते. त्यामुळे बल्ब प्रवाह 'खातो' आणि पुढच्या वायरीत कमी प्रवाह उरतो, अशी समजूत मुलांची असते आणि शिक्षकांचीही. खरे तर बल्बच्या आधी आणि नंतर प्रवाह तेवढाच असतो. बल्ब घेतो ती ऊर्जा.

अशा ठिकाणी संगणकावरचे आभासी प्रयोग उपयोगी पडतात. २००१ चे नोबेल मिळवणारे कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याचे प्रयोग फुकट आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतही आहेत. पडद्यावर वायरी जोडायच्या, आत सरकणारे इलेक्ट्रॉन पाहायचे, बल्बच्या दोन्ही बाजूंना अमीटर लावून पाहायचा. त्याच विद्यापीठात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक नवल आढळले. आभासी मंडलावर शिकलेले विद्यार्थी समजुतीच्या प्रश्नांत तर पुढे होतेच, पण पुढे खऱ्या वायरी हातात दिल्यावर त्या जोडण्यातही पुढे होते.

म्हणून काय खऱ्या वायरी कपाटात ठेवून द्यायच्या? मुळीच नाही. पडद्यावरची वायर कधी तुटत नाही, सेल कधी गंजत नाही, काठी कधी कलत नाही. बाईंना ओळंब्याचा धडा पडद्याने दिला नसता. माझा अनुभव असा की, आधी हाताने जोडावे, अडावे, मग पडद्यावर आतले पाहावे आणि पुन्हा हातात वायर घ्यावी.

आपल्याकडे अरविंद गुप्ता यांनी हेच ओळखले. काडेपेट्या, झाकणे, स्ट्रॉ अशा टाकाऊ वस्तूंतून करायची विज्ञान-खेळणी त्यांनी कार्यशाळांतून शिकवली. पुण्याच्या 'आयुका'तील केंद्रात काम करताना आपल्या संकेतस्थळावर त्यांनी या खेळण्यांच्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तके सर्वांसाठी खुली ठेवली. इंटरनेट इथे पडद्यापाशी खिळवून ठेवत नाही. ते पाहणाऱ्याला उठवून कात्री शोधायला लावते.

आज काय करता येईल?

आता साधनांची टंचाई पूर्वीइतकी नाही. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चे 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले, त्यामागे क्यूआर कोडचे हेच काम होते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने अमेरिकेतल्या एमआयटीबरोबर चालवलेल्या 'क्लिक्स' उपक्रमात राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममधल्या शिक्षकांचे मोबाइलवर गट बांधले गेले. त्या उपक्रमाला 'युनेस्को'चे २०१७ चे पारितोषिक मिळाले.

तरीही नळाची सवय सुटत नाही. ऑनलाइन प्रशिक्षण म्हणजे चित्रफीत सुरू करायची, शेवटी पाच प्रश्नांवर टिचक्या मारायच्या आणि प्रमाणपत्र छापून फायलीला लावायचे. एका वर्गात मी पाहिले, एका गुरुजींचा मोबाइल खिडकीत ठेवलेला, चित्रफीत आपली आपण चालू आणि गुरुजी शेजारी बसून शालेय पोषण आहाराचा हिशेब लिहीत होते. मला राग आला नाही. तो हिशेब त्या दिवशी द्यायचा होता आणि चित्रफितीला त्यांची गरज नव्हती. ज्या प्रशिक्षणाला आपण हजर असलो काय, नसलो काय, सारखेच, त्यापुढे माणूस किती वेळ बसेल?

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत विज्ञानाचा एक प्रश्न असा ठरवावा, ज्याचे उत्तर मोजूनच मिळेल. सावली, पाऊस, दवबिंदू, शाळेच्या विहिरीची पातळी, काहीही. आकडे दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्राशी ताडून पाहावेत. दुसरी, प्रत्येक जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतल्या दोन-चार प्राध्यापकांनी आठवड्यातून एक तास शिक्षकांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. उत्तर माहीत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. त्यानेही शिक्षकांना धीर येईल. आणि तिसरी, मोबाइलवरच्या शिक्षक-गटात शुभेच्छा आणि परिपत्रके यांच्यासाठी वेगळी जागा करून विज्ञानाचा गट विज्ञानासाठी ठेवावा. यांतल्या एकाही गोष्टीला नवे अनुदान लागत नाही.

श्रोतेहो, कोल्हापूरच्या त्या बाईंचा मला अजून अधूनमधून फोन येतो. मागे एकदा म्हणाल्या, "सर, आता पोरं मला उत्तर येत नसलेले प्रश्न विचारतात. मी म्हणते, थांबा, धुळ्याच्या सरांना विचारू." मी विचारले, "आणि त्यांनाही येत नसेल तर?"

"मग काय," बाई म्हणाल्या, "दोघं मिळून मोजू."